शेतीच्या नोंदी : संगणकावरील फॉर्म व रिपोर्ट यांची आंखणी

शेतीचा धंदा करणाऱ्या बहुतेक सुज्ञ खातेदारांच्या घरीं कांहीं ना कांहीं टिपण असतेंच. कोणाची रोजकीर्द असते, कोणी दिनदर्शिकेच्या चौकटींतच मजुरांचे रोज मांडतो, तर कोणी खताबियाण्यांच्या पावत्या एका तारेला टोंचून ठेवतो. नोंद मुळींच होत नाहीं असें नाहीं. झालेल्या नोंदींतून वेळेवर उत्तर मिळत नाहीं, हें खरें दुखणें आहे. "विहिरीजवळच्या तुकड्यानें गेल्या तीन वर्षांत एकरी काय दिलें?" एवढा साधा प्रश्न विचारला, तरी वही पहिल्या पानापासून चाळावी लागते आणि शेवटीं अंदाजावरच निकाल द्यावा लागतो. याच अंदाजावर पुढील हंगामाचें पीक ठरतें, कर्जाचा आंकडा ठरतो, आणि एखादा तुकडा वाट्यानें द्यावा कीं स्वतः करावा हेंही ठरतें.

आतां पुष्कळ घरांत संगणक आला आहे व त्यावर नोंदी ठेवण्याचें साधन फुकट अथवा बेताच्या खर्चांत मिळतें. परंतु साधन मिळालें म्हणजे काम झालें असें नव्हे. नोंद घेण्याचा फॉर्म आणि उत्तर देणारा रिपोर्ट हे दोन्ही विचारपूर्वक आंखले नाहींत, तर संगणक ही केवळ एक महागडी वही होऊन बसते. हे दोन्ही कसे आंखावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गांवदफ्तराचा धडा

या विषयाचें उत्तम उदाहरण आपल्या नित्याच्या परिचयांतील आहे. गांव नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही. तींत खरेदी, वारस, वाटप हे व्यवहार ज्या क्रमानें दप्तरीं आले त्या क्रमानें लिहिलेले असतात. गांव नमुना ७ मध्यें तेच हक्क गटवार मांडलेले असतात, व नमुना १२ मध्यें त्या गटांतील पिकें असतात. दोन्हीं मिळून आपला सातबारा होतो. आठ-अ हा उतारा मात्र खातेदारवार असतो. एका नांवावर गांवांत कोठें किती जमीन आहे तें तो एका ठिकाणीं दाखवितो.

यांतील मर्म असें कीं, जमीन तीच, खातेदार तोच. परंतु पाहणाराचा प्रश्न बदलला कीं कागद बदलतो. "या जमिनीवर कोणाचा हक्क?" याला सातबारा उत्तर देतो, "या माणसाची जमीन किती?" याला आठ-अ. ही माहिती कागदी दफ्तरांत निरनिराळ्या वह्यांतून पुन्हां पुन्हां लिहावी लागे, व एका वहींत दुरुस्ती होऊन दुसरींत राहिली कीं तंटा उभा राही. संगणकाचा खरा लाभ येथेंच आहे. माहिती एकदांच लिहावी, आणि ती हव्या त्या क्रमानें कितीही वेळां काढून घ्यावी.

डेटाबेसचीं चार अंगें

अशा रीतीनें नोंदी ठेवणाऱ्या साधनास डेटाबेस म्हणतात. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणीं, तक्त्यांच्या रूपानें लिहून ते तक्ते परस्परांशीं जोडावे, ही कल्पना आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. घरगुती संगणकासाठीं मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ॲक्सेस १९९२ सालीं निघाला. तो विकत घ्यावा लागतो. लिबरऑफिस या संचांतील बेस हा फुकट मिळतो व विंडोज तसाच लिनक्स या दोहोंवर चालतो. आपल्या कामास दोहोंपैकीं कोणताही पुरेसा आहे.

दोहोंतही चार अंगें असतात. टेबल म्हणजे नोंदींचा तक्ता. माहिती खरोखर राहते ती येथेंच. फॉर्म म्हणजे ती माहिती भरण्याची खिडकी. क्वेरी म्हणजे तक्त्यांना विचारलेली पृच्छा. रिपोर्ट म्हणजे त्या पृच्छेचें उत्तर कागदावर उतरेल अशा रूपांत. कणगी, तिचें तोंड, चाळण आणि तराजू यांचा जो परस्पर संबंध, तोच या चार अंगांचा समजावा.

नवशिका मनुष्य बहुधा फॉर्मपासून आरंभ करितो, कारण तो दिसावयास आकर्षक असतो. हा क्रम उलटा आहे. आधीं प्रश्न ठरवावा. त्यावरून रिपोर्ट कागदावर पेन्सिलीनें आंखावा. त्या रिपोर्टास कोणती माहिती लागेल तें पाहून तक्ते करावे. आणि फॉर्म सर्वांत शेवटीं आंखावा.

प्रश्न व तक्ते

सामान्य बागाईतदारास तीन प्रश्न पुरेत. कोणत्या तुकड्यानें एकरी किती दिलें? कोणत्या कामावर पैसा अधिक गेला? आणि कोणाचें देणें-घेणें राहिलें आहे? या प्रश्नांकरितां पुढील तक्ते लागतात. पहिला तुकड्यांचा : गट क्रमांक, घरांत रूढ असलेलें नांव, क्षेत्र. दुसरा लागवडींचा : कोणत्या तुकड्यांत, कोणतें पीक, कोणत्या तारखेस लावलें व केव्हां निघालें. तिसरा खर्चाचा व चौथा उत्पन्नाचा. या दोहोंतील प्रत्येक नोंद एकेका लागवडीस जोडलेली असावी. जोडण्यासाठीं प्रत्येक लागवडीस एक क्रमांक द्यावा. तो संगणक आपोआप देतो. देण्याघेण्यासाठीं निराळा तक्ता नको. खर्च व उत्पन्न यांच्या प्रत्येक नोंदींत "पैसे चुकते झाल्याची तारीख" असा एक रकाना ठेवला, कीं ज्या नोंदींत तो रिकामा त्या सर्व बाकीच्या समजाव्या.

हिशेबाचा खांब वर्ष नसून लागवड आहे, हें विसरूं नये. आडसाली ऊस सुमारें अठरा महिने शेतांत उभा असतो. त्याचा खर्च एका वर्षांत व पैसा दुसऱ्या वर्षांत येतो. वर्षवार बेरीज केली तर पहिलें वर्ष बुडीत व दुसरें भरभराटीचें दिसेल, आणि दोन्हीं खोटीं ठरतील.

क्षेत्र लिहितांना एक मोठा सांपळा आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्यें असतें, आणि बोलण्यांत आपण एकर-गुंठे वापरतों. एक एकर वीस गुंठे हें क्षेत्र पुष्कळ जण सवयीनें १.२० असें लिहितात. परंतु चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळें संगणकाच्या दशांश रकान्यांत तें १.५० असावयास पाहिजे. हेक्टर-आरमध्यें मात्र १.२० हें बरोबर आहे, कारण हेक्टरचे आर शंभर असतात. म्हणून तक्त्यांत क्षेत्र केवळ गुंठ्यांत, पूर्ण संख्येनें लिहावें हें उत्तम. एकर करण्याचें काम रिपोर्टाकडे सोंपवावें. याच न्यायानें वजन सर्वत्र किलोंत लिहावें. पोतें पन्नासाचें कीं साठाचें हा वाद मग उरत नाहीं.

फॉर्मची आंखणी

फॉर्म हा लिहिणाराच्या सोयीसाठीं असतो. दिवसभर शेतांत राबून आलेला मनुष्य रात्रीं दिव्याखालीं बसून नोंद करणार, हें डोळ्यांपुढें ठेवून तो आंखावा. एका कामास एकच फॉर्म असावा. खर्च, विक्री व फवारणी यांची खिचडी एका पटावर करूं नये. चौकटींचा क्रम हातांतील पावतीच्या क्रमाशीं जुळावा : तारीख, कोणास दिले, कशासाठीं, किती. एका चौकटींतून दुसरींत जाण्याचा क्रम टॅब या कळीनें ठरतो. तोही तपासून घ्यावा, नाहीं तर रक्कम शेऱ्यांत आणि शेरा रकमेंत जाऊन बसतो.

जेथें निवड करतां येईल तेथें लिहावयास लावूं नये. एकानें "सोयाबीन", दुसऱ्यानें "सोयाबिन" व तिसऱ्यानें "सोया" असें लिहिलें, तर संगणक तीं तीन पिकें समजतो व बेरीज तीन ठिकाणीं फुटते. यासाठीं पीक, तुकडा व खर्चाचा प्रकार यांच्या याद्या करून त्या फॉर्ममध्यें यादी-चौकट म्हणून बसवाव्या. २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक यादींतून निवडतो; त्यामागील कारण हेंच.

तारखेच्या चौकटींत आजची तारीख आपोआप यावी, परंतु बदलतां यावी. लागवड, तारीख व रक्कम या गोष्टी भरल्याखेरीज नोंद स्वीकारली जाऊं नये, अशी अट तक्त्यांतच घालावी. मात्र अटींचा अतिरेकही वाईट. ज्या फॉर्ममध्यें वीस चौकटी सक्तीच्या असतात, त्यांत लोक कांहीं तरी भरून सुटका करून घेतात. आणि खोटी नोंद ही न केलेल्या नोंदीपेक्षां अधिक घातक होय. प्रत्येक चौकटीस विचारावें, "तूं कोणत्या रिपोर्टांत जाणार?" उत्तर नसेल तर ती काढून टाकावी.

रिकामी चौकट व शून्य यांतही भेद आहे. शून्य म्हणजे कांहीं मिळालें नाहीं. रिकामी म्हणजे अद्याप ठाऊक नाहीं. संख्येंतून रिकामी चौकट वजा केली असतां उत्तरही रिकामेंच येतें. पट्टी अद्याप हातीं न आलेल्या लागवडीची शिल्लक कोरी दिसते ती यामुळें. तेथें रिकाम्याऐवजीं शून्य धरावयाचें असल्यास ॲक्सेसमध्यें एनझेड व बेसमध्यें कोअलेस या नांवाचें सूत्र वापरतात. मग अशा ओळीपुढें "विक्री बाकी" असा शेरा छापण्याची तजवीज ठेवावी.

रिपोर्टाची आंखणी

फॉर्म लिहिणाराचा, तसा रिपोर्ट निर्णय घेणाराचा. त्याच्या रचनेंत पट्टे असतात. सर्वांत वर रिपोर्टाचें शीर्षक. येथें कालावधि, एकक व छापल्याची तारीख अवश्य असावी. त्याखालीं गटशीर्ष, म्हणजे ज्या गोष्टीनें वर्गवारी करावयाची तिचें नांव. तुकडेवार रिपोर्टांत तुकड्याचें, खर्चवार रिपोर्टांत खर्चाच्या प्रकाराचें. मग तपशिलाच्या ओळी. नंतर गटतळ, जेथें त्या गटाची बेरीज येते. आणि शेवटीं सर्वांची एकूण बेरीज. गटशीर्ष बदललें कीं त्याच नोंदींतून नवा रिपोर्ट तयार होतो. सातबारा व आठ-अ यांचा संबंध येथें पुन्हां आठवावा.

बेरजेच्या पृच्छेंत एक चूक फार वेळां होते, ती आधींच सांगतों. एका लागवडीच्या खर्चाच्या पांच नोंदी व विक्रीच्या तीन नोंदी असल्या, आणि तिन्ही तक्ते एकाच क्वेरींत जोडले, तर प्रत्येक खर्च प्रत्येक विक्रीशीं जुळून पंधरा ओळी तयार होतात. खर्च तिप्पट व विक्री पांचपट मोजली जाते! यावर उपाय असा कीं, खर्चाची लागवडवार बेरीज एका क्वेरींत करावी, उत्पन्नाची दुसरींत. आणि त्या दोन बेरजा तिसऱ्या क्वेरींत लागवडींच्या तक्त्यास जोडाव्या. जोडतांना "सर्व लागवडी घ्या, मग विक्री असो वा नसो" हा पर्याय निवडावा. एरव्हीं जिची विक्री झाली नाहीं ती लागवड रिपोर्टांतून गुपचूप गळून पडते.

एक उदाहरण

समजा, एका खातेदाराचे तीन तुकडे आहेत. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. पहिल्या ८० गुंठ्यांत सोयाबीन : खर्च ४८,००० रुपये, विक्री ७२,०००. दुसऱ्या ६० गुंठ्यांत कांदा : खर्च ९०,०००, विक्री १,२६,०००. तिसऱ्या ४० गुंठ्यांत रब्बी ज्वारी : खर्च २४,०००, विक्री १५,०००. एकूण खर्च १,६२,०००, विक्री २,१३,०००, शिल्लक ५१,००० रुपये. वहीवर हिशेब ठेवणारा येथेंच थांबतो व वर्ष बरें गेलें असें म्हणतो.

तुकडेवार रिपोर्ट काढला कीं चित्र उघडतें. सोयाबीनची एकरी शिल्लक १२,००० रुपये, कांद्याची २४,०००, आणि ज्वारीचा एकरी तोटा ९,०००. कांद्याचें क्षेत्र १.२० असें लिहिलें असतें, तर त्याची एकरी शिल्लक ३०,००० दिसली असती व पुढील वर्षीं त्या भरंवशावर कांदा वाढविला गेला असता. वर सांगितलेला सांपळा किती महाग पडतो तें यावरून दिसेल.

आतां ज्वारीचा विचार करूं. रिपोर्ट पाहून कोणीही म्हणेल कीं ज्वारी बंद करावी. परंतु त्या तुकड्यांतील चार क्विंटल ज्वारी घरच्या खाण्यासाठीं ठेविली होती, आणि तीनशें पेंढ्या कडबा गोठ्यांत गेला होता. फॉर्ममध्यें "कोणास विकलें" अशी चौकट होती. "घरीं ठेवलें" अशी नव्हती. ज्वारी क्विंटलास ३,००० व कडबा पेंढीस २० रुपये धरला, तर घरीं राहिलेल्या मालाची किंमत १२,००० अधिक ६,०००, म्हणजे १८,००० रुपये होते. ती मिळवली असतां ९,००० चा तोटा जाऊन ९,००० ची शिल्लक होते. ज्वारी बंद केली असती, तर तेंच धान्य व तोच चारा रोख पैसे मोजून विकत घ्यावा लागला असता.

म्हणजे संगणकाची बेरीज अचूक होती, रिपोर्टही देखणा होता. तरी निर्णय चुकला असता. दोष फॉर्ममधील एका नसलेल्या चौकटीचा होता. रिपोर्ट तेवढाच सांगतो जेवढें फॉर्म विचारतो. म्हणून उत्पन्नाच्या फॉर्ममध्यें "विक्री, घरखर्च, चारा, बियाणें, मजुरीपोटीं" अशी यादी-चौकट असावी, व घरीं ठेवलेल्या मालास त्या दिवसाचा बाजारभाव लावावा. घरच्या माणसांचे व बैलांचे दिवसही याचप्रमाणें खर्चाच्या बाजूस, चालू मजुरीच्या दरानें, परंतु "रोख नाहीं" अशा खुणेसह लिहावे. ट्रॅक्टर, वीज यांसारखा सामाईक खर्च क्षेत्राच्या प्रमाणांत वांटावा, आणि वांटणीचा नियम रिपोर्टाच्या तळाशीं छापावा. वाचणारास तो आंकडा कोठून आला हें कळलें पाहिजे.

फवारणीचा रिपोर्ट

द्राक्षें व भाजीपाला करणारांनीं आणखी एक तक्ता ठेवावा : फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, व त्या औषधाच्या वेष्टनावर छापलेले काढणीपूर्वीचे प्रतीक्षा-दिवस. तारखेंत ते दिवस मिळवून "याआधीं तोडूं नये" अशी तारीख रिपोर्टांत आपोआप काढतां येते. एका लागवडीवर अनेक फवारण्या झाल्या असतील, तर त्यांतील सर्वांत उशीराची तारीख खरी धरावी. हा कागद तोडणीपूर्वीं मुकादमाच्या हातीं असला, तर परदेशीं पाठवावयाचा माल औषधाच्या अंशामुळें नाकारला जाण्याचा धोका बराच कमी होतो, आणि गांवांत खाणाराच्याही जिवाचें हित होतें.

परीक्षा व जतन

कोणत्याही रिपोर्टावर विश्वास ठेवण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. एका लहान लागवडीचा हिशेब हातानें करावा व रिपोर्टाशीं ताडून पाहावा. रोख नोंदींची बेरीज बँकेच्या पासबुकाशीं व व्यापाऱ्याच्या पट्ट्यांशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. जुळत नसेल तर आंकडा न बदलतां कारण शोधावें. पावत्याही टाकून देऊं नयेत. पावतीवर नोंदीचा क्रमांक लिहून ती फाईलींत लावावी.

बेसमध्यें सामान्यतः तक्ते, फॉर्म व रिपोर्ट हे सर्व एकाच फाईलींत राहतात. ही गोष्ट सोयीची, तितकीच धोक्याची. ती एक फाईल बिघडली कीं सर्व दफ्तर गेलें. म्हणून आठवड्यांतून एकदां प्रोग्रॅम बंद करून फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, व ती संगणकापासून दूर ठेवावी. प्रत्येक हंगामाच्या शेवटीं तुकडेवार रिपोर्ट कागदावर छापून दफ्तरांत लावावा. भाऊबंदांचें एकत्र खातें असल्यास त्याची एकेक प्रत सर्वांस द्यावी. उघडा हिशेब पुष्कळ संशय उगवण्याआधींच खुडून टाकतो.

पहिल्याच वर्षीं सर्व कांहीं साधण्याचा हव्यास मात्र धरूं नये. येत्या हंगामांत एक तुकडा, एक पीक, एक खर्चाचा फॉर्म, एक उत्पन्नाचा फॉर्म व एक रिपोर्ट, एवढ्यावरच आरंभ करावा. हंगाम संपल्यावर घरांतील कर्त्या माणसांनीं तो कागद मध्यें ठेवून बसावें आणि विचारावें, "यावरून पुढच्या पेऱ्याचा निर्णय करतां येईल काय?" जेथें उत्तर अडेल, तेथें फॉर्ममध्यें एक चौकट कमी आहे असें समजावें व ती घालावी. अशा रीतीनें दोन-तीन हंगामांत प्रत्येकाचें दफ्तर त्याच्या जमिनीच्या अंगाबरोबर बसेल, आणि पीक ठरवितांना अंदाजापेक्षां खात्रीच्या आंकड्यांचा आधार मिळेल.